साडेसातची, पण कशाची?

भुसावळहून सुरतेकडे जाणारी गाडी बारडोली मागे टाकते आणि थोड्याच वेळात चलथाण येतं. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातलं गाव. एकीकडे सहकारी साखर कारखाना, दुसरीकडे कडोदऱ्याच्या बाजूला माग आणि कापडाचे कारखाने. ऊसतोडीला धुळे-नंदुरबारकडच्या टोळ्या येतात, मागावर खानदेशातली पोरं असतात. पाट्या गुजराती, पण कानावर अहिराणीही पडते.

या पट्ट्यात शक्ती तीन मापांत मोजली जाते. मुकादम कोयते मोजतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. गडी एकटा असेल तर अर्धा कोयता. मागवाला मोटर एचपीत सांगतो. वीजबिलावर भार किलोवॅटमध्ये असतो. कोयता कुठल्याच कोष्टकात बसत नाही, बाकी दोघांचं नातं मात्र पक्कं आहे : १ एचपी म्हणजे ७४६ वॅट.

हा अवघड आकडा जेम्स वॅटच्या धंद्यातून आला. त्याला वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाइकाचा प्रश्न ठरलेला : माझे घोडे किती वाचतील? १७८०च्या दशकात त्याने गिरणीचा घोडाच हिशेबाला घेतला. २४ फूट व्यासाच्या रिंगणात तासाला १४४ फेऱ्या आणि ओढ १८० पौंडांची, असं धरून मिनिटाला साधारण ३२,५७० फूट-पौंड काम निघालं. त्याने सरळ ३३,००० केले. म्हणजे सेकंदाला ५५०. त्यातल्या पौंडांचे किलो आणि फुटांचे मीटर केले की ७४५.७ वॅट मिळतात. दिवसभर एवढं ओढणारा घोडा विरळाच; आपल्याकडची अख्खी बैलजोडी मिळून साधारण एक एचपी धरतात. पुढे १८८२मध्ये विल्यम सीमेन्सने नव्या एककाला नाव सुचवलं तेही वॅटचंच. घोडा त्याचा आणि घोड्याच्या जागी आलेलं मापही त्याचं.

युरोपातला घोडा वेगळा. ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलायचं, म्हणजे ७३५.५ वॅट. मोटारींच्या जाहिरातीत पीएस लिहितात तो हा. १०० पीएस म्हणजे वॅटच्या हिशेबाने ९८.६ एचपी. घोडा लहान घेतला की घोडे जास्त दिसतात, हे विक्रेत्यांना चांगलं ठाऊक आहे.

आपल्या आजोबांना या रूपांतराला कागद लागला नसता. त्यांनी शाळेत पाऊणकी पाठ केलेली होती. एचपीची पाऊणपट केली की किलोवॅट, चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पाच एचपीचे पावणेचार. मोटरच्या प्लेटवर ३.७ असतात. उलट जायचं तर किलोवॅटमध्ये त्याचाच तिसरा हिस्सा मिळवायचा. पंधराचे वीस. मण-शेर हटवणारा कायदा १९५६मध्ये आला, पण मोटरवरचा घोडा अजून उतरलेला नाही.

हे समजलं की महाराष्ट्राच्या वीजदरांत वर्षानुवर्षं दिसत आलेले चमत्कारिक आकडे उलगडतात. मागवाल्यांसाठी सीमा २७ एचपीची. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत हा आकडा लहान मुलालाही ठाऊक. पण पंचवीस नाही, तीस नाही, सत्तावीसच का? कारण मुळात तो २० किलोवॅट आहे. तसेच ६७ म्हणजे ५०, १०७ म्हणजे ८० आणि २०१ म्हणजे १५० किलोवॅट. कोणीतरी गोल आकडा ठरवला आणि तो घोड्यांत मोजताना वाकडा झाला. एका मागाला एक एचपीची मोटर धरली, तर सत्तावीस मागांनंतर अठ्ठाविसावा लावताना मालक थबकतो, तो या भागाकारापायी.

खरा घोटाळा मात्र शेतात होतो. मोटरच्या ठरलेल्या मापांत ५.५ किलोवॅट म्हणजे ७.५ एचपी आणि ७.५ किलोवॅट म्हणजे १० एचपी. एकच साडेसात दोन ठिकाणी! महाराष्ट्र सरकारने २०२४मध्ये मोफत वीज दिली ती साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना. प्लेटवरचा ७.५ किलोवॅट वाचून कोणी खूश होऊन पंप उचलला, तर तो दहा एचपीचा निघणार आणि शेतकरी सवलतीबाहेर जाणार.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. प्लेटवरची शक्ती दांड्यावर मिळणारी असते. तारेतून ओढली जाणारी वीज तिच्याहून जास्त. पाच एचपीची मोटर ८५ टक्के कार्यक्षम असेल, तर पूर्ण भारावर तासाला साडेतीन-पावणेचार नव्हे, जवळजवळ ४.४ युनिट खाते. बोअरमधल्या पाणबुडी मोटरची कार्यक्षमता बहुधा याहून कमी, म्हणजे युनिटं आणखी वाढली. घरच्या एसीत गणित उलटं दिसतं. 'एक टन' म्हणजे एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळवणारी उष्णता, ३.५ किलोवॅट. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, पण वीज साधारण दीड किलोवॅटच घेतो. टनावरून बिलाचा अंदाज बांधणारे इथे फसतात.

तेव्हा दुकानात नुसतं 'साडेसातची द्या' म्हणू नका. एचपी की किलोवॅट ते सांगा, प्लेट स्वतः वाचा आणि बिलावर मोटरचं माप तेच लिहून घ्या.