भुंकण्याचा बंदोबस्त

कुत्र्याने भुंकावे ही माणसाचीच जुनी मागणी आहे. रानातला लांडगा भुंकतो, परंतु क्वचित, आणि तेही बहुधा धोक्याची सूचना देण्यापुरते. माणसाच्या आश्रयाला आलेल्या त्याच्या वंशजांत मात्र हा स्वर बळावला आणि माणसाने तो आवडीने जोपासला, कारण मेंढरांच्या वाड्याशी निजणाऱ्या धनगराला आणि खळ्यावर रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याला मुके जनावर काय कामाचे? इंग्लंडात बीगल ही जात तर सशाच्या मागावर धावताना तिच्या कंठरवावरून शिकाऱ्याला दिशा कळावी म्हणूनही वाढवली गेली. तेच बीगल आज ठाण्याच्या एखाद्या सदनिकेत, दिवसाचे आठ-नऊ तास एकटे, गॅलरीच्या गजांमागे उभे राहून जिन्यातल्या प्रत्येक पावलाला आणि लिफ्टच्या प्रत्येक खडखडाटाला उत्तर देऊ लागले, की सोसायटीच्या दफ्तरी त्याच्याविरुद्ध फिर्याद दाखल होते. ही फिर्याद खोटी नसते. रात्रपाळीहून आलेल्या माणसाची किंवा तान्ह्या मुलाच्या आईची झोप ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. चुकतो तो पुष्कळदा इलाज.

दुसरे कुत्रे दिसताच दोरी ताणून उसळणारे, बेल वाजताच दारावर झेपावणारे कुत्रे उद्धट आहे, अशी आपली समजूत असते. वास्तविक त्या आकांतामागे पुष्कळदा भय असते, कधी अनावर उत्सुकता असते, आणि त्या दोहोंना न खर्चलेल्या शक्तीचे बळ मिळालेले असते. शिवाय त्याच्या अनुभवाने त्याला रोज एकच गोष्ट पटवलेली असते: कुरियरवाला आला, आपण भुंकलो, तो गेला. कुरियरवाला पाकीट देऊन जाणारच होता हे त्या बिचाऱ्याला कसे कळावे? त्याच्या लेखी भुंकण्यानेच घर वाचले. अशा वेळी मालक ओरडला, तर घरचा धनीही घाबरला आहे असाच अर्थ कुत्र्याने घेतल्यास नवल नाही. विजेचा झटका देणारा पट्टा तर मला सर्वथा निषिद्ध वाटतो. वेल्समध्ये २०१० पासून त्याला कायद्यानेच मज्जाव आहे. समोर दुसरे कुत्रे दिसले की मानेला वेदना होते, एवढाच बोध त्यातून होत असेल, तर तोंड काही काळ बंद होईलही, पण मूळचे भय दुणावते आणि एखाद्या दिवशी न भुंकताच चावा बसतो.

खरा मार्ग रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या प्रयोगांतून निघतो. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाने पाहिले, की अन्नाशी वारंवार जोडल्या गेलेल्या नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. भयाच्या वस्तूलाही असेच सुखाशी जोडता येते. अट एवढीच, की ती वस्तू पुरेशी दूर असावी. रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला परके कुत्रे दिसते. आपल्या कुत्र्याचे कान ताठ होतात, उघडे तोंड मिटते, अंगाचा भार पुढच्या पायांवर येतो. अजून आवाज फुटलेला नाही. हाच तो क्षण. उकडलेल्या कोंबडीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा त्याच्या नाकाशी न्यावा, आणि ते परके कुत्रे दृष्टीआड होईपर्यंत तुकड्यामागून तुकडा देत राहावे. ते गेले की खाऊही बंद. कुत्रे खाऊकडे ढुंकूनही पाहत नसेल, तर अंतर कमी पडले असे समजून शांतपणे मागे फिरावे. काही आठवड्यांनी, काहींच्या बाबतीत काही महिन्यांनी, परके कुत्रे दिसताच आपले कुत्रे वळून मालकाच्या तोंडाकडे पाहते. मग हळूहळू अंतर कमी करण्याची मुभा घ्यावी. घरच्या बेलचीही तीच तजवीज: बाहेर कोणीही नसताना, बेलचा आवाज अगदी मंद करून, प्रत्येक आवाजामागून एक तुकडा द्यावा.

हे शिक्षण चालू असेतो भुंकण्याची रोजची तालीम थांबली पाहिजे. गॅलरीच्या गजांना खालून छातीभर उंचीचा पडदा लावावा, खिडकीला अपारदर्शक कागद चिकटवावा, निजण्याची जागा मुख्य दारापासून लांब हलवावी. फेरफटक्यात दोरी लांब ठेवून त्याला मनसोक्त हुंगू द्यावे. घाईने सोसायटीला दोन प्रदक्षिणा घालण्यापेक्षा झुडपांतला वास घेत काढलेला अर्धा तास त्याला अधिक निववतो. वाटीतले जेवण जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून शोधायला लावणे, हाही त्याच जातीचा उद्योग. भुंकून लक्ष वेधणाऱ्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करू लागले, की आरंभी त्याचा आवाज चढतो. इथेच घरातली माणसे शरण जातात आणि अधिक मोठ्याने भुंकावे हा धडा पक्का होतो. म्हणून नियम घरातल्या सर्वांचा एकच हवा, आजोबांनी ताटातून चोरून दिलेल्या पोळीच्या तुकड्यासकट.

भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रे पाळण्यास बंदी घालता येत नाही. मात्र शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये याची दक्षता मालकानेच घ्यायची आहे. तेव्हा शिकवणी सुरू करण्याआधी वरच्या-खालच्या बिऱ्हाडांना भेटून आपण काय करीत आहोत आणि त्याला किती अवधी लागेल हे सांगावे. आणि आजवर शांत असलेले कुत्रे एकाएकी भुंकू लागले, तर या साऱ्या खटाटोपाआधी त्याला पशुवैद्याकडे न्यावे. कानाचे दुखणे, सांधेदुखी किंवा वार्धक्याने मंदावलेली दृष्टी यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.