लोणारची कणगी

खामगावच्या बाजारात कापूस आणि चांदी पिढ्यान्‌पिढ्या विकली जाते. कापूस म्हणजे सेल्युलोज, झाडाने घडवलेला पॉलिमर. आणि चांदीइतकी वीज दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही. मनगटाला गुंडाळून नाडीचे ठोके टिपणाऱ्या लवचीक सेन्सरला लागतं तेही साधारण हेच, वाकणारा पाया आणि त्यावर चांदीची शाई. मात्र त्यांच्यामध्ये दाब पडताच वीज उमटवणारा एक थर असावा लागतो. अशा पदार्थाचं एक मूळ याच बुलढाणा जिल्ह्यात, खामगावच्या दक्षिणेला, लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यात आहे.

लोणारची ओळख नव्याने करून द्यायला नको. १८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आणि १९७३ मध्ये ते उल्कापातानेच झालं हे ठरलं. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि पाण्याचा सामू १० च्या आसपास. म्हणजे साबणाच्या पाण्यासारखंच. तळ्याकाठच्या खारांना एके काळी दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी प्रतवारीनुसार नावं होती. आता हे शब्द गॅझेटियरमध्येच भेटतात.

पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेत डॉ. प्रज्ञा कणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाण्यातले अल्कप्रेमी जीवाणू वर्षानुवर्षे वेगळे केले, वाढवले, त्यांची यादी केली. त्यातला एक होता हॅलोमोनास कॅम्पिसॅलिस. त्याची सवय आपल्या शेतकऱ्यासारखी. सुगीत कणगी भरून ठेवायची, अडीअडचणीला उघडायची. साखर भरपूर आणि नायट्रोजन तुटपुंजा असला की असे जीवाणू उरलेल्या कार्बनचे दाणे करून पेशीतच साठवतात. हे दाणे म्हणजे पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट) कुळातलं प्लॅस्टिक. फ्रान्समध्ये मॉरिस लमॉन्य यांनी ते १९२० च्या दशकातच ओळखलं होतं.

निव्वळ पीएचबी कडक असतं आणि वाकवलं की तडकतं. लोणारच्या जीवाणूने बनवलं ते मात्र मिश्र पॉलिमर. त्याच्या साखळीत मधेमधे हायड्रॉक्सीव्हॅलरेट हा थोडा मोठा दुवा येतो. त्यामुळे रेणूंची रचना किंचित विस्कटते आणि पदार्थाला लवचीकपणा येतो. हे काम २०१० मध्ये ‘बायोरिसोर्स टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आलं. लेखकांमध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. ज्योती जोगही होत्या. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी पॉलिमरच्या प्रवाहशास्त्रावर काम केलं, तीच ही पुण्यातल्या पाषाणची प्रयोगशाळा. सूक्ष्मजीवशास्त्र आणि पॉलिमरशास्त्र अशी जोडीने चालली तरच असं काम उभं राहतं. आपल्याकडे ही जोडी जमते त्यापेक्षा मोडते जास्त, असं मला वाटतं. पुढे याच गटाने शेतातल्या टाकाऊ मालावरही हा जीवाणू पोसून पाहिला.

आता सेन्सरचं. फुकादा या जपानी शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात लाकूड आणि हाड दाबल्यावर विद्युतभार दाखवतात हे मोजलं. १९६९ मध्ये कावाई या दुसऱ्या जपानी शास्त्रज्ञाने पीव्हीडीएफ या फ्लोरीनयुक्त प्लॅस्टिकमध्ये हाच गुण फार मोठ्या प्रमाणात दाखवला आणि लवचीक सेन्सरची वाट मोकळी झाली. मग १९८६ मध्ये फुकादा पुन्हा आले, या खेपेला पीएचबी घेऊन. जीवाणूच्या कणगीतलं प्लॅस्टिकही दाबाला विजेने उत्तर देतं! उत्तर पीव्हीडीएफच्या मानाने बारीक आवाजात, हे खरं. पण पीव्हीडीएफ मातीत वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. पीएचबी मातीतले जीवाणू खाऊन टाकतात आणि शरीरातही ते हळूहळू विरतं. जखमेवर काही आठवडे बसवायच्या पट्टीला यापेक्षा वेगळं काय हवं?

तरीही लोणारच्या या संशोधनाचा परिणाम मोठा झाला, असं मी म्हणणार नाही. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने याच मिश्र पॉलिमरला ‘बायोपोल’ नाव देऊन १९९० मध्ये जर्मनीत त्याच्या शाम्पूच्या बाटल्या बाजारात आणल्या होत्या. खनिज तेलाच्या प्लॅस्टिकपुढे भावात टिकाव लागला नाही. धंदा मोन्सॅंटोकडे गेला आणि तिथेही थंडावला. एवढ्या मोठ्या कंपन्यांना जमलं नाही ते पुण्याच्या दोन प्रयोगशाळांच्या शोधनिबंधाने कसं जमावं? बाटली स्वस्तच लागते, तिथे हा पदार्थ हरणारच. सेन्सरला माल लागतो चिमूटभर, म्हणून तिथे महाग पदार्थही परवडतो. लोणारच्या पॉलिमरची जागा बाटलीत नसून सेन्सरमध्ये आहे, हे माझं मत.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा सारा महाराष्ट्र फोटो पाहत होता. नमुने तपासायला पुन्हा आगरकर संस्थेतच गेले आणि कारण निघालं खारटपणा आवडणारे सूक्ष्मजीव. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्या पाण्यातून आलेला आपला कणगीवाला संस्थेच्या सूक्ष्मजीव संग्रहात नोंदवलेला आहे. त्याचा क्रमांक एमसीएम बी-१०२७.