नाडीच्या तालावर वाजणारा कान

बदलीनिमित्त महाराष्ट्रातून चेन्नईत आलेल्या मंडळींना नव्या शहराच्या आवाजांची लवकरच सवय होते. परंतु रात्री दिवे मालवल्यावर कानातच कोणी ‘धप् धप्’ असे ठोके देऊ लागले, तर झोप उडते. कानात शिटीसारखा सलग आवाज येणे, म्हणजे कर्णनाद, अनेकांच्या परिचयाचा आहे. हा ठोक्यांचा आवाज मात्र वेगळा असतो. वैद्यकीय भाषेत त्यास ‘पल्सटाइल टिनिटस’ म्हणतात.

अंतःकर्णाच्या अगदी निकटून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. एरवी त्यांतील प्रवाह आपणांस ऐकू येत नाही. प्रवाह वेगवान किंवा खळाळता झाला, अथवा बाहेरचे आवाज कमी ऐकू येऊ लागले, की तो जाणवतो. रक्तक्षय, थायरॉइडची अतिक्रियाशीलता, उच्च रक्तदाब ही त्याची काही कारणे होत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणून रक्ताची साधी तपासणीही येथे मोलाची ठरते. क्वचित मानेतील रोहिणी अरुंद होणे, पडद्यामागील रक्तवाहिन्यांची गाठ किंवा मेंदूभोवतीचा वाढलेला दाब हेही कारण असू शकते.

त्यामुळे ‘वयोमानाने होते’ असे म्हणून गप्प बसू नये. मनगटावरील नाडी पाहावी. ठोके आणि आवाज जुळत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पुढील तपासाची दिशा त्यावरच ठरते. मान मात्र स्वतः दाबून पाहू नये. तमिळ येत नसल्याचा संकोचही नको. कानाला तेथे ‘कादु’ म्हणतात आणि नाडीला ‘नाडी’च! १६६४ साली सुरू झालेल्या आणि आज सेंट्रल स्थानकासमोर असलेल्या राजीव गांधी शासकीय रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घसा तज्ज्ञ असतात. ते कानाची व श्रवणाची तपासणी करतात, मानेवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकतात आणि गरजेनुसार स्कॅन सुचवतात. आवाज अकस्मात सुरू झाला, किंवा सोबत तीव्र डोकेदुखी, अंधूक दृष्टी वा हातापायांत अशक्तपणा असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कारण सापडल्यास त्यावर उपचार होतात आणि आवाज पुष्कळदा थांबतो. गंभीर कारण नसेल, तर त्याच्यासह जगणे शिकता येते. संपूर्ण शांततेत ठोके अधिक ठळक होतात. म्हणून पंख्याची घरघर किंवा मंद संगीत सोबतीला ठेवावे आणि उशी किंचित उंच घ्यावी. मुख्य म्हणजे, घरच्यांना हा त्रास सांगावा. इतरांना ऐकू येत नाही म्हणून तो काल्पनिक ठरत नाही.