डिफरन्शियलचे कव्हर निवडताना

जीप रँग्लरच्या डेना ३० किंवा डेना ४४ ॲक्सलवर कंपनीकडून येणारे कव्हर दाबून आकार दिलेल्या पत्र्याचे असते. रस्त्यावर ते पुरते. खडकाळ वाटेवर मात्र त्याची कड दगडात अडकून उचलली जाते आणि ऑइल गळू लागते. जोराच्या धक्क्याने पत्रा आत चेपून फिरत्या रिंग गिअरला घासतो. म्हणून खडकांवर जाणाऱ्या गाडीला जाड पोलादाचे किंवा चिवट नोड्युलर बिडाचे कव्हर घ्यावे. उभ्या पट्ट्या (फिन) असलेले ॲल्युमिनियमचे कव्हर उष्णता बाहेर टाकायला बरे, पण जबर आघाताने तडकू शकते. बोल्टची डोकी खोबणीत बसणारी असतील तर उत्तम, कारण झिजलेल्या डोक्यावर पाना बसत नाही.

खरेदीपूर्वी ॲक्सलचे मॉडेल पक्के करावे. पुढच्या ॲक्सलवर टाय रॉड आणि ट्रॅक बार कव्हरला लागत नाहीत ना, हे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. सर्वांत दुर्लक्षित राहते ती ऑइल भरण्याच्या भोकाची उंची. नव्या कव्हरवर ते मूळ जागेपेक्षा वर असेल, तर काठोकाठ भरलेले ऑइल जास्त होते, फेसाळते आणि ब्रीदरमधून बाहेर येते. अशा वेळी मूळ पातळी मोजून तेवढेच भरावे. तळाच्या प्लगला चुंबक असल्यास लोखंडी कीस तिथेच धरला जातो.

टोयोटाच्या अनेक मागच्या ॲक्सलमध्ये मात्र गिअर समोरून निघतात आणि मागची बाजू बंदच असते, म्हणजे बदलायला कव्हरच नसते. तिथे बाहेरून संरक्षक पट्टी वेल्ड करतात.