अडीच रुपये पान

२०११च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि लातूरची २४,५४,१९६ होती. दोन्ही मिळून ५८ लाखांच्या वर. किनवटपासून निलंग्यापर्यंतच्या या सव्वीस तालुक्यांतल्या प्रत्येक माणसाचा एकेक कागद भाषांतराला काढायचा ठरला, असं समजू. कुणाचा फेरफार, कुणाचं खरेदीखत, कुणाचा दवाखान्यातला रिपोर्ट. पानाला दीड हजार अक्षरं धरली तर ८७२ कोटी अक्षरांचा ढीग होतो.

एक भाषांतरकार दिवसाला दहा पानं नीट करतो आणि वर्षातले तीनशे दिवस कामाला बसतो, असा हिशोब केला तर त्याला १,९३८ वर्षं लागतील. पैठणला सातवाहनांचं राज्य असताना त्यानं पहिलं पान हातात घेतलं असतं, तर शेवटचं आत्ता कुठे खाली ठेवलं असतं.

हेच काम एपीआयमार्फत केलं तर? एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याकडे मागणी नोंदवण्याची ठरलेली रीत: हा मजकूर घ्या, अमुक भाषेत करून परत द्या. माणूस मध्ये लागत नाही. मूळ भाषा कोणती हे नाही कळवलं तरी समोरचं यंत्र ती ओळखून घेतं. गूगल क्लाउडच्या भाषांतर सेवेत एका मागणीत ३० हजार अक्षरं जातात आणि एका खात्यातल्या प्रकल्पाला साधारणपणे मिनिटाला ६० लाख अक्षरांची मर्यादा असते. या मर्यादेत राहून आपला ढीग २४ तास १४ मिनिटांत संपतो.

दर दहा लाख अक्षरांना २० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर पान अडीच रुपयांना पडतं, म्हणजे तहसीलसमोर झेरॉक्स काढायला जे द्यावं लागतं त्याच्याच आसपास. महिन्याची पहिली पाच लाख अक्षरं फुकट. अक्षरं मोजण्याची पद्धत मात्र सावकारी आहे. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, यंत्र चार मोजतं: क, पाय मोडल्याची खूण, ष आणि वेलांटी. शब्दांमधली रिकामी जागाही मोजली जाते. मजकूर न घालता नुसतीच मागणी पाठवली तरी एका अक्षराचे पैसे लागतात!

आणि आपले दोन जिल्हे म्हणजे या कारखान्यात किस झाड की पत्ती. २०१६ साली गूगलनं सांगितलेला आकडा रोजच्या १०,००० कोटी शब्दांचा होता. पानाला अडीचशे शब्द धरले तर ही रोजची ४० कोटी पानं. नांदेड-लातूरचा सगळा ढीग त्यात २१ मिनिटांचा. मराठी या सेवेत २०१३ साली आली. २०१७ पासून तिचं भाषांतर नव्या न्यूरल पद्धतीनं होऊ लागलं. आपल्याकडेही काम झालं आहे. मद्रास आयआयटीच्या ‘एआय४भारत’ गटानं २०२३ मध्ये आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांसाठी प्रारूप बनवलं आणि खुलं करून टाकलं. त्यासाठी गोळा केलेल्या वाक्यांच्या जोड्या होत्या २३ कोटी.

या भागाला भाषांतराचा मोठा उद्योग नवा नाही. नांदेड, लातूर निजामाच्या राज्यात होते तेव्हा, १९१७ मध्ये, हैदराबादेत दारुल तर्जुमा उघडला. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. उस्मानिया विद्यापीठात सगळे विषय उर्दूतून शिकवायचे होते आणि पुस्तकं तर इंग्रजीत, म्हणून हा खटाटोप. एकेका शास्त्रीय संज्ञेवर समितीत खल व्हायचा. तीसेक वर्षांत शेकडो पुस्तकं झाली. ती चारशे धरली आणि प्रत्येकात पाच लाख अक्षरं, तर आजच्या मर्यादेत सगळं ३३ मिनिटांत उरकेल, खर्च साडेतीन लाखांच्या आत. हा हिशोब त्या मंडळींवर अन्याय करणारा आहे, हे मला कबूल आहे. जी संज्ञा अजून घडलेलीच नाही ती यंत्र कुठून उचलणार?

पण मराठवाड्याचा खरा अडसर वेगळाच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला लागली, तेव्हा आठही जिल्ह्यांतले अभिलेख कक्ष उघडले गेले. पहिल्या टप्प्यात सुमारे पावणेदोन कोटी कागद तपासले आणि नोंदी सापडल्या ११,५३०. दीड हजार कागदांमागे एक. आपल्या हिशोबातल्या पानावरचं एक अक्षर शोधावं, तसं. जुने कागद उर्दूत आणि मोडीत. घाईत लिहिलेली शिकस्ता उर्दू वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, मोडी वाचणारेही तेवढेच. मोडीवाचकाला बोलावणं धाडलं की तो आधीच दुसऱ्या तहसीलमध्ये गुंतलेला.

इथे अडीच रुपयांचं पान आडवं पडतं. एपीआयला मजकूर लागतो. आपल्याकडे आहे तो फोटो. मुळात संगणकावर तयार झालेल्या पीडीएफची ३०० पानं गूगल एका मागणीत घेतं, स्कॅन केलेल्या पीडीएफची फक्त २०, आणि तीही मुख्यतः छापील अक्षरांच्या भरवशावर. वाचता आलं तरी निजामकाळच्या कागदावरचं १३४० हे साल फसली कालगणनेतलं असतं. त्यात ५९० मिळवले की १९३० येतं. हे न सांगता कागद पाठवला तर भाषांतर बिनचूक होईल आणि पणजोबा सहाशे वर्षं मागे जातील.

प्रयत्न सुरू आहेत. रुरकी आयआयटीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचं देवनागरी करणाऱ्या प्रारूपासाठी एक संच प्रसिद्ध केला. त्यात मोडी कागदांच्या २,०४३ प्रतिमा आहेत. देवनागरीत न आलेले मोडी कागद किती, याचा त्यांच्याच निबंधातला अंदाज आहे चार कोटी. म्हणजे यंत्राला शिकवायला एक प्रतिमा, आणि तिच्यामागे वाचायचे साडेएकोणीस हजार कागद.

तोवर माणसांवरच भिस्त. एका मोडीवाचकानं दिवसाला वीस कागद वाचले, वर्षाला तीनशे दिवस काम केलं आणि असे शंभर वाचक मिळाले, तर चार कोटी कागद वाचून व्हायला ६७ वर्षं लागतील. त्यानंतर कागदाला एक पान धरून सगळ्यांचं भाषांतर करायला, मिनिटाला ६० लाख अक्षरांच्या त्याच मर्यादेत, सात दिवस.