इंजेक्शन घेण्याआधी कारण शोधा

तिशीच्या आतल्या पुरुषाचंही टेस्टोस्टेरॉन कमी असू शकतं. त्याला वैद्यकीय कारणं असतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर उपचार आहेत. इतकी साधी माहिती छत्रपती संभाजीनगरातल्या तरुणापर्यंत सरळ पोहोचत नाही. त्याआधी पोहोचतात भिंतींवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग’ आणि ‘कमजोरी’च्या जाहिराती, जिममधल्या कुणाचा तरी ‘एक कोर्स मारून घे’ हा सल्ला आणि मोबाइलवर फिरणारे ‘मर्दानगी वाढवा’चे व्हिडिओ. घरी विचारायची सोय नसते, मित्रांत हसं होण्याची भीती असते. मग लग्न ठरलं की घाईघाईत मिळेल त्या दारात पैसे मोजले जातात. पैसे जातातच, पण या घाईत मूल होण्याची क्षमताही निदान काही काळ जाऊ शकते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची.

‘सारखा थकवा येतो, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच कमी’

नाही. थकवा, चिडचिड, कामात लक्ष न लागणं ही लक्षणं रक्त कमी असल्यावर येतात, थायरॉइड बिघडल्यावर येतात, मधुमेहात येतात, नैराश्यात तर हमखास येतात. टेस्टोस्टेरॉनकडे बोट दाखवणाऱ्या खुणा जास्त नेमक्या आहेत: कामेच्छा स्पष्टपणे घटणं, सकाळी आपोआप येणारी ताठरता बंद होणं, दाढी विरळ होत जाणं, छातीवर स्तनांसारखी वाढ होणं, अंडकोष लहान असणं किंवा होत जाणं. ज्याला एकटं असताना ताठरता नीट येते आणि फक्त जोडीदारासमोर अडचण होते, त्याचं कारण बहुधा मनावरचा ताण असतं. हार्मोनचं इंजेक्शन त्याला उपयोगी नाही.

झोपेचा मुद्दा आपल्या शहरात वेगळा सांगायला हवा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमध्ये हजारो तरुण शिफ्टमध्ये राबतात. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तेव्हा त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं. प्रयोग दहाच जणांवरचा होता, पण दिशा स्पष्ट होती. ज्याची झोप महिनोन् महिने मोडलेली आहे, त्याने आधी झोपेचं बघावं.

‘रिपोर्टवर आकडा कमी आला, आता इंजेक्शन’

हा आकडा दिवसभर बदलत असतो. सकाळी तो सर्वांत जास्त असतो, संध्याकाळी उतरतो. तरुणांमध्ये हा फरक मोठा असतो. म्हणून तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी करायची आणि कमी आली तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा करायची. ताप किंवा कुठलंही आजारपण चालू असताना ती करू नये, कारण तेव्हा पातळी तात्पुरती घसरते. रात्रपाळीवरून थेट लॅबमध्ये जाऊन रक्त देणाऱ्याने ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही सांगावं. काही यंत्रांवर त्यामुळे आकडा चुकीचा येतो.

अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना डेसिलिटरमागे 300 नॅनोग्रॅमच्या खालची पातळी कमी मानते, तिथल्याच हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने स्थूल नसलेल्या तरुणांसाठी 264 ही खालची मर्यादा धरली आहे. म्हणजे 280 आकडा आलेला तरुण एका मोजपट्टीवर आजारी आणि दुसरीवर निरोगी ठरतो. म्हणून नुसत्या आकड्यावर उपचार होत नाहीत. लक्षणं आणि दोनदा कमी आलेली पातळी, दोन्ही जुळायला हवीत.

जुळली तर पुढचा प्रश्न ‘किती कमी’ हा नसून ‘का कमी’ हा आहे. इथे एलएच आणि एफएसएच या दोन तपासण्या खूप काही सांगून जातात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी या हार्मोनांमार्फत अंडकोषांना आदेश देते. टेस्टोस्टेरॉन कमी आणि हे दोन्ही वाढलेले असतील, तर आदेश पोहोचतोय पण अंडकोष काम करू शकत नाहीत. वयात आल्यावर झालेल्या गालगुंडाने अंडकोषांना आलेली सूज, लहानपणी अंडकोष खाली न उतरणं, मार लागणं, कर्करोगाची औषधं ही त्याची कारणं. क्लाइनफेल्टर ही जन्मजात स्थितीही यातलीच. तिच्यात पुरुषाला एक जादा एक्स गुणसूत्र असतं. साधारण साडेसहाशे मुलग्यांमागे एकात ती आढळते आणि अनेकांना लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच तिचा पत्ता लागतो.

उलट टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएचही कमी किंवा जेमतेम असेल, तर अडचण वर, आदेश देणाऱ्या ठिकाणी आहे. पिट्युटरीवर प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असू शकते. डोकं दुखणं, बाजूचं दिसेनासं होणं ही तिची लक्षणं. अशी गाठ बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते आणि मग पुष्कळांचं टेस्टोस्टेरॉन बाहेरून काही न देता वर येतं. जन्मापासून वास न येणारा आणि वयात न आलेला मुलगा असेल, तर डॉक्टर कॉलमन सिंड्रोमचा विचार करतात. तपास न करता इंजेक्शन सुरू झालं, तर ही गाठ, हे निदान तसंच झाकलेलं राहतं.

आणि सर्वांत नेहमीचं कारण सर्वांत दुर्लक्षित आहे: पोटाचा घेर. चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. टाइप 2 मधुमेह असलेल्या तिघा-चौघा पुरुषांमागे एकाची पातळी कमी असते. अशांचं वजन लक्षणीय उतरलं की पातळी चढते. यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून कोणी याची जाहिरात करत नाही.

‘इंजेक्शनाने पुरुषत्व वाढतं, मग मूलही लवकर होईल’

सगळ्या गैरसमजांत हा सर्वांत महागात पडणारा. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. टाकी भरली की बॉल कॉक जसा पाणी तोडतो, तसं बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी एलएच आणि एफएसएच बंद करते. अंडकोषांना काम करायचा आदेशच मिळत नाही. शुक्रजंतू तयार व्हायला अंडकोषाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं. ते फक्त तिथेच बनतं, इंजेक्शनाने तिथे पोहोचत नाही. रक्तातला आकडा उत्तम, शरीर पिळदार आणि वीर्यतपासणीत शुक्रजंतू शून्य, असं चित्र त्यातून तयार होतं. अंडकोषही आकसतात.

हे इतकं खात्रीचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून अनेक देशांत तपासली. दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम इंजेक्शन घेणाऱ्या निरोगी पुरुषांपैकी बहुसंख्यांचे शुक्रजंतू सहा महिन्यांत शून्यावर आले. 1990 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू परत येतात, पण त्याला काही महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो. जिममध्ये डोस यापेक्षा कितीतरी मोठे आणि सरमिसळ असतात, त्यामुळे तिथे परतीची वाट आणखी लांबते.

ज्याला मूल हवं आहे आणि ज्याची अडचण पिट्युटरीच्या बाजूला आहे, त्याच्यासाठी वेगळे उपचार आहेत. एचसीजी आणि एफएसएचची इंजेक्शनं किंवा काहींना क्लोमिफेनच्या गोळ्या देऊन डॉक्टर अंडकोषांनाच कामाला लावतात. हा मार्ग खुला राहायला हवा, तर मूल हवं आहे ही गोष्ट पहिल्या भेटीतच सांगावी लागते. आपल्याकडे लग्न ठरलेला मुलगा डॉक्टरांपुढे ती सांगायलाच लाजतो.

जिमच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. महाराष्ट्रात पोलिसांनी वेळोवेळी जिमच्या मुलांना विकली जाणारी मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं जप्त केली आहेत. ते हार्मोन नाही. भूल देताना रुग्णाचा रक्तदाब कोसळला तर तो चढवायचं ते औषध आहे. त्यामुळे आलेला जोर म्हणजे धावायला लावलेलं हृदय.

‘मग टेस्टोस्टेरॉन घ्यायचंच नाही का?’

घ्यायचं, ज्याला खरी गरज आहे त्याने. क्लाइनफेल्टरसारख्या स्थितीत ते हाडं, स्नायू, रक्त आणि मन यांसाठी आवश्यक असतं आणि बहुधा आयुष्यभर लागतं. त्यात लाज नाही. मधुमेही माणूस इन्शुलिन घेतो तेव्हा आपण त्याला कमी लेखत नाही. मात्र रक्त घट्ट होतंय का, हे नियमित तपासावं लागतं. हिमॅटोक्रिट 54 टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवतात किंवा डोस कमी करतात. टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्याने लहान मुलांना ते लावलेली त्वचा लागू देऊ नये. हृदयाबद्दल 2023 मध्ये पाच हजारांहून जास्त पुरुषांवरच्या ट्रॅव्हर्स चाचणीने हृदयविकाराचे झटके वाढत नसल्याचं दाखवलं, पण त्यातले पुरुष 45 ते 80 वयाचे, खरोखर पातळी कमी असलेले आणि देखरेखीखालचे होते. तो दिलासा जिममधल्या बाविशीतल्या मुलाला लागू होत नाही.

‘हस्तमैथुनाने, धातू गेल्याने हे झालं’

याला कसलाही आधार नाही. वीर्य बाहेर पडल्याने टेस्टोस्टेरॉन संपत नाही, रक्तही आटत नाही. या भीतीने खंगणाऱ्या तरुणांच्या त्रासाला मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 1960 मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. त्यांचा थकवा खरा असतो, कारण मात्र भीती असते. त्याच्याही कितीतरी आधी, 1927 पासून, र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय माहिती देत होते आणि त्यासाठी खटले झेलत होते. मराठीत हे सांगून झाल्याला शंभर वर्षं होत आली, तरी भीतीवर चालणारी दुकानं बंद झाली नाहीत.

लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करणं हा 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने गुन्हा आहे. त्याला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भिंतीवर असं काही रंगवणारा तिथेच कायदा मोडतो आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी त्याच्या दारात जाण्याआधी पाय अडखळावा.

जायचं असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, आपली घाटी. 1956 मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाकडे सगळा मराठवाडा येतो. सकाळी केस पेपर काढून मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा. तिथून गरजेप्रमाणे पुढच्या विभागात पाठवतात. खाजगीत जाणार असाल तर हार्मोनतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञ गाठा. ‘सेक्सॉलॉजिस्ट’ लिहिलेल्या पाटीखाली डिग्री काय आहे, ते वाचून मगच आत जा. आणि जो आधीच इंजेक्शनं घेतोय त्याने काय घेतलं, किती घेतलं, कधीपासून घेतलं, हे रिकाम्या कुप्या घेऊन जाऊन डॉक्टरांना दाखवावं. औषध कसं थांबवायचं हे त्यांच्याच सल्ल्याने ठरवावं आणि लग्न ठरलं असेल तर वीर्यतपासणी आत्ताच करून घ्यावी.