रुजवातीविना आलेला निरोप
२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या संगणकावरून सुमारे पाचशे किलोमीटरवरील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे पहिला संदेश रवाना झाला. पाठवायचा शब्द होता ‘लॉगिन’, परंतु दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. ‘अर्पानेट’ नावाचे हे जाळे विस्तारले ते प्रायः परस्परपरिचित विद्वानांच्या वर्तुळात, आणि म्हणूनच १९८२ साली ईमेलच्या वाहतुकीचे जे नियम सिद्ध झाले, त्यांत पाठविणाऱ्याने सांगितलेले नाव खरे की खोटे याची रुजवात घेण्याची तजवीजच नव्हती. या परस्परविश्वासाचे मोल २ नोव्हेंबर १९८८ रोजी चुकवावे लागले. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली आज्ञावली, सोपे पासवर्ड हुडकीत आणि एका यंत्राने दुसऱ्यावर ठेवलेल्या विश्वासाचाच आधार घेत, हजारो संगणकांत शिरली.

आपल्याकडे १९८६ साली ‘एर्नेट’ या जाळ्याने शिक्षणसंस्था जोडावयास आरंभ केला, ‘निकनेट’ या सरकारी जाळ्याने उपग्रहाच्या द्वारे जिल्हा कचेऱ्या दिल्लीशी जोडल्या, आणि १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले. जाळे अनोळख्यांचे झाले, ईमेलचे मूळ नियम मात्र ओळखीच्या माणसांसाठी रचलेलेच राहिले; पुढे त्यांस तपासणीची ठिगळे जोडली गेली, तरी फोनवर आलेल्या निरोपामागचा माणूस कोण, हे पारखण्याचा भार आजही घेणाऱ्यावरच आहे.

तहसील कचेरीतला कागद सही-शिक्का पाहिल्याविना न स्वीकारणारा वऱ्हाडातला शेतकरी, कापसाचा चुकारा ज्या खात्यात जमा होतो त्या खात्याशी जोडलेल्या फोनवर लग्नपत्रिकेच्या किंवा सरकारी योजनेच्या नावाने आलेली, फोनमध्ये परके ॲप बसविणारी ‘एपीके’ फाईल उघडतो, याचे मला मनापासून दुःख होते, कारण खातरजमेची त्याची जुनी सवय येथेच सर्वाधिक उपयोगाची आहे. बँकेचा म्हणून फोन आला, तर तो ठेवून पासबुकावरील क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. आणि फोनवरून धाक घालून केली जाणारी ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कोणत्याही कायद्यात नाही.

इतके करूनही फसगत झालीच, तर संकोचापायी घरात दडवून न ठेवता तत्क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर वर्दी द्यावी, कारण चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरविली जाते, आणि ती काढून घेतली जाण्यापूर्वी बँकेस इशारा पोहोचला तरच ती रोखून धरता येते.